दोन्ही संघ प्रार्थना करतात, मग जिंकायचं कुणी?

प्रश्न थोडक्यात असा. नगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबातला तरुण लेखक शाळेच्या कबड्डी संघावर पटकथा लिहितो आहे. चर्चच्या तरुण संघात त्याने ‘फेसिंग द जायंट्स’ आणि ‘ओव्हरकमर’ हे दोन अमेरिकन चित्रपट पाहिले, पाहताना डोळ्यांत पाणीही आलं. पण स्वतः लिहायला बसला तर प्रत्येक प्रसंगाचं प्रवचन होतंय. हे चित्रपट नेमके कशावर उभे असतात, त्यातलं काय घ्यावं, काय टाळावं आणि ते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये दाखवता येतात का, असं त्याने खर्डा पाठवून विचारलं आहे.

माझं काम दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्या दुरुस्त करण्याचं आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो. धर्मशास्त्राचं तुमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, जास्त बरं सांगतील.

पहिली गोष्ट म्हणजे, हे चित्रपट ज्यांनी केले त्यांना प्रवचनच करायचं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. अ‍ॅलेक्स आणि स्टीफन केंड्रिक हे दोघे भाऊ जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरात शेरवुड बॅप्टिस्ट चर्चचे सहायक पाळक होते. 2003 मध्ये त्यांनी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाची गोष्ट साधारण 20,000 डॉलरमध्ये चित्रित केली. ‘फेसिंग द जायंट्स’ 2006 चा, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलवरचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळावरचा. खर्च 1,00,000 डॉलर, तोही मंडळीतल्या लोकांच्या देणग्यांतून. नट म्हणजे दर रविवारी उपासनेला येणारी माणसं आणि नायक खुद्द अ‍ॅलेक्स. एका ख्रिस्ती बँडचं गाणं वापरायची परवानगी मागायला गेले, तिथून चित्रपट वितरकांच्या हाती लागला आणि अमेरिकेतल्या थिएटरांत त्याने एक कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. पुढे ‘ओव्हरकमर’च्या वेळी, 2019 मध्ये, खर्च 50 लाख डॉलरवर गेला होता आणि अमेरिकेतली कमाई साडेतीन कोटींच्या घरात.

हे आकडे अशासाठी सांगितले की या धंद्याची रीत कळावी. चित्रपट आधी पाळकांना दाखवायचा, मंडळ्यांनी पहिल्या आठवड्याची तिकिटं गठ्ठ्याने घ्यायची, मग त्याच विषयावरची बायबल-अभ्यासाची पुस्तकं बाजारात आणायची. म्हणजे थिएटरात बसलेला माणूस आधीच पटलेला असतो. त्याला शेवट ठाऊक असतो आणि तो तसाच व्हायला हवा असतो. अशा प्रेक्षकापुढे पाच मिनिटांचं प्रवचन खपतं, उलट त्यासाठीच तो आलेला असतो. तुमच्या चित्रपटाला मात्र साताऱ्यातला, परभणीतला कुठल्याही धर्माचा माणूस यावा अशी तुमची इच्छा दिसते. त्या माणसाने कसलाच शब्द दिलेला नाही. केंड्रिक बंधूंच्या पायाखाली जी जमीन होती ती तुमच्या पायाखाली नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता कलाकुसरीचं. श्रद्धेच्या गोष्टीची मूळ अडचण अशी की श्रद्धा कॅमेऱ्याला दिसत नाही. माणूस डोळे मिटून बसला तर तो प्रार्थना करतोय की डुलकी काढतोय हे पडद्यावर सांगता येत नाही, म्हणून लेखक त्याच्या तोंडी वाक्यं घालतो आणि गाडी प्रवचनाकडे वळते. खेळ इथे मदतीला येतो, कारण खेळात शरीर थकतं, पडतं, थांबतं, पुन्हा उठतं. मनातली घडामोड अंगावर दिसायला लागते.

‘फेसिंग द जायंट्स’मधला जो प्रसंग जगभर फिरला तो आठवा. सरावाला पोरं मैदानावर लोळतायत, शुक्रवारचा सामना हरल्यातच जमा आहे असं ब्रॉक नावाचा मुलगा बोलून जातो. कोच ग्रँट टेलर त्याला पुढे बोलावतो. हात आणि पाय जमिनीवर, गुडघा टेकायचा नाही, पाठीवर जेरेमी नावाचा सवंगडी आणि तशा अवस्थेत रांगत जायचं. एरवी दहा यार्डांत पोरं कोसळतात. कोच म्हणतो, पन्नासपर्यंत जा, जमेल तेवढा जीव लाव. आणि डोळ्यांवर पट्टी बांधतो. पुढची काही मिनिटं कॅमेरा त्या मुलाच्या चेहऱ्याजवळून हलत नाही. आधी बाकीची पोरं हसतायत. मग हसणं थांबतं. मग एकेक जण उठून उभा राहतो. कोच स्वतः गुडघ्यांवर येऊन त्याच्या कानाशी ओरडतोय, मुलगा म्हणतोय हात जळतायत, आणि पट्टी काढल्यावर कळतं की तो पन्नासवर नाही, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलाय.

या सबंध प्रसंगात देवाचं नाव जवळजवळ शेवटी येतं, तेही दोन वाक्यांत. आधी पट्टी, घाम, जळणारे हात. ‘न पाहता चालत राहणं’ म्हणजे काय हे प्रेक्षकाने अंगाने अनुभवलेलं असतं, म्हणून ती दोन वाक्यं जड होत नाहीत. तुमच्या खर्ड्यात क्रम नेमका उलटा आहे. पाळक आधी वचन सांगतात आणि मग मुलं ते मैदानावर करून दाखवतात. असं केलं की मैदान हे फळ्यावर सोडवलेलं उदाहरण होऊन बसतं.

त्याच चित्रपटातला दुसरा प्रसंगही बघा. शाळेच्या लॉकरांवर हात ठेवून वर्षानुवर्षं मुलांसाठी प्रार्थना करणारे एक म्हातारे गृहस्थ कोचला दोन शेतकऱ्यांची गोष्ट सांगतात. दोघांनी पावसासाठी प्रार्थना केली, पण एकानेच शेत तयार करून ठेवलं. मग पावसावर भरवसा कुणाचा होता? हे सरळसरळ प्रवचन आहे, तरी चालून जातं, कारण कोच त्या घडीला नोकरी जाण्याच्या बेतात आहे आणि त्याला उद्या सकाळी काय करायचं हे खरंच कळत नाहीये. उपदेश ऐकणाऱ्याची गरज आधी उभी केली असेल तर उपदेश प्रसंग होतो.

आता त्या चित्रपटाचं मला न पटणारं. सहा वर्षांत एकही बरा हंगाम न गेलेला कोच, बंद पडणारी गाडी, घरात कुबट वास, मूल होत नाही आणि दोष आपल्यात आहे हे कळलेलं. सुरुवात पक्की आहे. कोच मुलांना सांगतो की जिंकलो तरी देवाची स्तुती करू आणि हरलो तरी करू. उत्तम. पण त्यानंतर पटकथा त्याला हरू देतच नाही! बाद फेरीत संघ खरोखर हरतो, तर प्रतिस्पर्ध्यांनी नियमात न बसणारी मुलं खेळवली म्हणून निकाल फिरतो. नवी गाडी मिळते. बायकोला दिवस जातात. अंतिम सामन्यात 51 यार्डांवरून किक मारायची असते, वारा दिशा बदलतो आणि किक मारणाऱ्या मुलाचे व्हीलचेअरवरचे वडील गोलपोस्टमागे उठून उभे राहतात. सगळ्याच अर्जांवर एकदम मंजुरीचा शिक्का. ‘हरलो तरी स्तुती करू’ या वाक्याची परीक्षा घ्यायची राहूनच गेली. प्रेक्षक रडतो हे खरं आहे, मलाही त्या वडिलांच्या प्रसंगाला घशात आवंढा येतो. पण घरी गेल्यावर ज्याला मूल झालं नाही, ज्याचा संघ हरला, त्याच्या हाती काय लागलं?

आणि समोरच्या संघाचं काय? अमेरिकेच्या दक्षिणेत हा प्रश्न हवेतला नाही. तिथे शुक्रवारी रात्री शाळांचं फुटबॉल, शनिवारी कॉलेजचं आणि रविवारी सकाळी चर्च. शुक्रवारी स्टँडमध्ये ओरडणारे लोकच रविवारी बाकांवर बसलेले असतात. सामन्याआधी दोन्हीकडची पोरं गुडघे टेकतात. मग देवाने एकाचं ऐकलं आणि दुसऱ्याचं ऐकलं नाही असं म्हणायचं का? पटकथेत याचं उत्तर द्यायला हवं असं नाही, पण प्रश्न लेखकाला पडलेला दिसला पाहिजे. प्रतिस्पर्धी संघाला ‘जायंट्स’ नाव देऊन बायबलमधली लहानग्या दावीदाने राक्षसी गल्याथाला लोळवल्याची गोष्ट मनात जागवली की समोरची पोरं माणसं उरत नाहीत.

या बाबतीत तुम्ही 2014 चा ‘व्हेन द गेम स्टँड्स टॉल’ बघा. तो चर्चने काढलेला नाही, मोठ्या स्टुडिओचा आहे आणि तुमच्या दोन्हींपेक्षा कमी आवडेल कदाचित, पण शिकण्यासारखं त्यात जास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या काँकर्डची ‘डे ला साल’ ही कॅथलिक शाळा. तिचा कोच बॉब लादुसूर शाळेत धर्मशिक्षणही शिकवायचा. 1992 ते 2004 या काळात हा संघ सलग 151 सामने जिंकला. 2004 च्या ऑगस्टमध्ये संघातून नुकताच बाहेर पडलेला, कॉलेजला निघालेला टेरन्स केली हा खेळाडू गोळीबारात मारला गेला आणि पुढच्याच महिन्यात बेलव्ह्यूच्या शाळेने ही मालिका मोडली. चित्रपट हरण्यापासून पुढे चालतो. त्या संघात एक पद्धत होती: दर आठवड्याला प्रत्येक मुलाने कार्डावर लिहायचं की या सामन्यात मी काय करीन, आणि ते कार्ड एका सवंगड्याला वाचून दाखवायचं. कार्डावर जिंकण्याचं वचन नाही, स्वतःच्या कष्टाचं वचन. पटकथाकारासाठी ही सोन्यासारखी वस्तू आहे, कारण श्रद्धा, शिस्त आणि मैत्री तिन्ही एका कागदाच्या तुकड्यात हातात धरता येतात.

शेवटाकडे त्यात एक मुलगा आहे, त्याला राज्याचा टचडाउनचा, म्हणजे चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेण्याचा, विक्रम मोडायला एकच हवा आहे, बाप स्टँडमधून जीव खातोय. सामना जिंकल्यातच जमा आहे. चेंडू मुलाच्या हातात येतो आणि तो गुडघा टेकून खेळ तिथेच थांबवतो. विक्रम जातो. फुटबॉलमध्ये गुडघा टेकणं ही साधी नियमातली चाल आहे, वेळ संपवायला रोज वापरतात. पण इथे एकाच हालचालीत नम्रता, बापाला नकार आणि संघाशी इमान असं सगळं येतं, आणि संवाद शून्य. मी पटकथेच्या वर्गात कायम हाच प्रसंग दाखवतो.

शाळा कुठली निवडता यावर संघर्ष ठरतो, याकडे नवे लेखक दुर्लक्ष करतात. अमेरिकेत सरकारी शाळेने प्रार्थना घ्यायची नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच सांगितलं. 2000 मध्ये टेक्सासच्या सांता फे इथल्या खटल्यात, फुटबॉल सामन्याआधी शाळेच्या माइकवरून विद्यार्थ्याने म्हटलेली प्रार्थनाही चालणार नाही असा निकाल लागला. मग 2022 मध्ये ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेतला कोच जोसेफ केनेडी, जो सामन्यानंतर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकायचा, त्याच्या बाजूने 6 विरुद्ध 3 असा कौल आला. केंड्रिक बंधूंनी आपल्या दोन्ही गोष्टी खासगी ख्रिस्ती शाळेत ठेवल्या, त्यामुळे ही भानगडच नाही, कोच बिनदिक्कत बायबल उघडतो. सोय झाली, पण किंमतही मोजावी लागली. विरोध करायला कुणी उरलंच नाही, मग नाट्य सगळं घरातून आणायचं: मूल नाही, नोकरी जातेय. उलट एर्विन बंधूंचा 2015 चा ‘वूडलॉन’ 1973 च्या, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या सरकारी शाळेत घडतो. काळी आणि गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आलेली, भांडणं रोजची, आणि एक बाहेरचा माणूस येऊन संघाशी देवाविषयी बोलतो. तो माणूस म्हणजे दिग्दर्शकांचे वडील हँक एर्विन. इथे प्रार्थना करणं हीच जोखीम आहे. या शाळेचा खेळाडू टोनी नॅथन पुढे अलाबामा विद्यापीठाकडून आणि मग मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडून खेळला. 1974 मध्ये वूडलॉन आणि बँक्स या दोन शाळांचा सामना पाहायला लीजन फील्ड या मैदानावर 42,000 लोक जमले होते, आणि तो वूडलॉन 18-7 असा हरलं. तरी लोक आजही गोष्ट वूडलॉनची सांगतात. (चित्रपट म्हणून तो पसरट आहे, पात्रं फार. पण मांडणीचा पाया भक्कम.)

‘ओव्हरकमर’विषयी तुम्ही खास विचारलंय. गावातला कारखाना बंद पडतो, कुटुंबं निघून जातात, बास्केटबॉलचा संघच उरत नाही आणि कोच जॉन हॅरिसनच्या गळ्यात क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची शर्यत, पडतं, ज्यात धावणारी एकच मुलगी, हॅना, तीही दम्याची. पहिल्या अर्ध्या भागातला इस्पितळातला प्रसंग मला फार आवडतो. डायलिसिसवर असलेला, दृष्टी गेलेला थॉमस कोचला विचारतो, तू कोण? कोच म्हणतो, बास्केटबॉल कोच. आणि ते काढून घेतलं तर? मग शिक्षक, नवरा, बाप, एकेक बिल्ला निघत जातो आणि माणूस चिडत जातो. विचारणारा पडून आहे, त्याच्याकडे गमवायला काही नाही, म्हणून हे शब्द टोचतात. शेवटच्या शर्यतीत हॅनाच्या कानात बापाचा, म्हणजे याच थॉमसचा, ध्वनिमुद्रित आवाज आहे, चढ कुठे आला, श्वास कसा धर, कुणाच्या मागे राहा, हे सांगणारा. न दिसणाऱ्या पित्याचा आवाज ऐकत धावणं, याहून सरळ रूपक सापडणार नाही, पण ते शर्यतीच्या सूचनांच्या रूपात आल्यामुळे पचतं. माझी तक्रार एवढीच की तिथेही मुलगी पहिलीच यावी लागते. बापाचा आवाज ऐकत ती दहावी आली असती तर काय बिघडलं असतं? मला वाटतं, चित्रपट जास्त लक्षात राहिला असता, पण तिकिटं कमी गेली असती. हा व्यवहार तुम्हालाही करावा लागेल. एका निर्मात्याने अशाच एका संहितेत मला शेवटी पाऊसही पाडायला लावला होता, जिंकल्यावर वरून.

आता तुमची कबड्डी. तुम्हाला हाताशी असलेली एक गोष्ट अमेरिकेत कुणाकडे नाही: दम. मध्यरेषा ओलांडण्याआधी ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू करायचं, तीस सेकंदांच्या आत परत यायचं आणि मध्ये दम तुटला की बाद. तुमच्या चढाईपटूचे ओठ आधीच हलतायत, तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतोय, श्वासाच्या जोरावर. त्याला वेगळं डोळे मिटून बसवायची गरज काय? आजी घरी कंदिलाशी बसून पुटपुटते तो आवाज आणि हा आवाज आवाजपट्टीवर एकमेकांजवळ ठेवा, संवाद न लिहिता. तुमच्या खर्ड्यातलं पाळकांचं तीन पानी भाषण मग आपोआप छोटं होईल.

दुसरं, घरात शंका घेणारं माणूस हवं. केंड्रिकांच्या चित्रपटात बायको नवऱ्याहून श्रद्धाळू, त्यामुळे घरात वादच नाही. तुम्ही नगरचे, तुमच्या गावचाच दाखला घ्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी, 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा, आणि टिळकांवर त्या किती प्रेमाने चिडतात ते बघा. श्रद्धेच्या घरातली भांडणं, हसू, सोवळ्याचा कासावीसपणा, सगळं त्यात आहे, उपदेशाचा सूर मात्र नाही. ‘प्रभात’च्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारणारी आवली नसती तर तुकोबांची भक्ती एवढी खरी वाटली असती का? तुमच्या कोचच्या बायकोला, किंवा संघातल्या एखाद्या मुलाच्या बापाला, तसा जाब विचारू द्या. आणि उत्तर लगेच देऊ नका.

भाषेचंही तसंच. तुमची मुलं प्रार्थनेत इंग्रजी चित्रपटांच्या उपशीर्षकांसारखं बोलतात. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली. तुमच्या मंडळीत आजही ती गीतं गातात. सामन्याच्या आदल्या रात्री पेटीवर एक अभंग पुरे.

तिसरं, जमिनीवरचा स्वार्थ आणा. अमेरिकन गोष्टीत तो कॉलेजची शिष्यवृत्ती असतो. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आणि दहावीला मिळणारे क्रीडा गुण. त्या गुणांसाठी मुलाला खेळवणारा बाप आणि देवासाठी खेळ म्हणणारा कोच, हे दोघे एका खोलीत आले की प्रसंग तयार. संघात सगळी मुलं ख्रिस्तीच असतील असंही नाही. एक मुलगा मैदानात उतरताना माती कपाळाला लावतो, एक जण बिस्मिल्ला म्हणतो, तिसरा काहीच म्हणत नाही. तुमच्या कोचने त्याला काय सांगायचं? माझ्या मते तुमच्या पटकथेचा सगळ्यात कठीण आणि सगळ्यात चांगला प्रसंग हाच असेल, आणि खर्ड्यात तो अजून लिहिलेलाच नाही.

निकालाबद्दल विचारलंत तर मी हरवीन, तेही अंतिम फेरीत नाही, विभागीय उपान्त्य फेरीत, एका गुणाने, पंचांच्या बरोबर असलेल्या निर्णयावर. पण हे तुमच्या निर्मात्याला आधी सांगू नका.

राहिला हॉलमध्ये दाखवण्याचा प्रश्न. घरी घेतलेल्या ओटीटी वर्गणीवर किंवा डीव्हीडीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, मग तिकीट लावा किंवा फुकट दाखवा. वितरकाला रीतसर पत्र लिहून मंडळीच्या खेळाची परवानगी मागा. प्रेक्षक साधारण किती, तारीख कोणती, देणगी गोळा करणार की नाही, हे तिन्ही पत्रात असू द्या. चर्चसाठीचा परवाना अशा चित्रपटांच्या वितरकांना नवा नाही, त्यामुळे उत्तर यायला हरकत नसावी. परवानगी मिळाली तर तरुण संघाला आधी ‘व्हेन द गेम स्टँड्स टॉल’ दाखवा आणि कार्डांचा प्रसंग झाला की थांबवून पोरांना त्यांचं कार्ड लिहायला सांगा. त्यातली दोन-चार वाक्यं तुमच्या पुढच्या खर्ड्याला उपयोगी पडतील.